बिलाच्या तळाशी छापलेली अट कामाची नाही

प्रश्न: मी अंधेरीत पोर्ट्रेट आणि हेडशॉट फोटोग्राफी करतो. बीकेसीतल्या एका कंपनीच्या 58 कर्मचाऱ्यांचे हेडशॉट काढून दिले. माणशी 1,200 रुपये ठरले होते. 20,000 ॲडव्हान्स मिळाला, उरलेले 49,600 अडीच वर्षं अडकले आहेत. आता त्यातलाच एक फोटो पश्चिम द्रुतगती महामार्गावरच्या होर्डिंगवर दिसतोय. माझ्या बिलावर ‘कॉपीराइट फोटोग्राफरचा, वापर फक्त वेबसाइट व लिंक्डइनसाठी’ असं स्पष्ट छापलंय. कॉपीराइटभंगाची नोटीस पाठवून होर्डिंग उतरवता येईल का?

उत्तर: तुम्ही रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल्स) पाठवल्यात, मेटाडेटा (फाइलमध्येच साठवलेली माहिती) पाठवलात, बिलही पाठवलंत. कोटेशन मात्र पाठवलं नाहीत, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. असे प्रश्न दर महिन्याला येतात आणि बहुतेकांत हाच कागद गायब असतो.

कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता असतो. फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. फोटोग्राफर इथवर वाचून थांबतात. याच कलमाच्या परंतुकातला, म्हणजे अपवादांच्या भागातला, बी खंड सांगतो की कुणाच्या सांगण्यावरून, मोबदल्यासाठी फोटो काढला असेल आणि उलट करार झालेला नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा. तुमच्या बाबतीत कंपनी. रॉ फाइलने बटण कोणी दाबलं एवढंच सिद्ध होतं. मेटाडेटातल्या कॉपीराइटच्या रकान्यात तुमचं नाव असणं ही तुमची एकतर्फी नोंद आहे, करार नव्हे.

मग ‘उलट करार’ कधी झाला पाहिजे? फोटो काढण्याआधी. मालकी फोटो निघतो त्या क्षणी ठरते. तुमचं बिल शूटनंतर 9 दिवसांनी गेलंय. तोवर मालकी कंपनीकडे गेली होती. एकदा गेलेली मालकी परत यायला कलम 19 प्रमाणे लेखी आणि कंपनीच्या सहीचं हस्तांतरण लागतं. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापून ती परत येत नाही. ज्या दोन ओळी तुम्ही बिलावर छापता, त्याच कोटेशनवर का छापत नाही, हे मला खरोखर कळत नाही.

‘पूर्ण पैसे दिले नाहीत, म्हणजे मोबदला झालाच नाही’ हा युक्तिवाद तुम्ही पत्रात केलाय. त्यावर फार विसंबू नका. करार कायद्यात पैसे देण्याचं वचन हाही मोबदलाच असतो. शिवाय ॲडव्हान्स तुम्ही घेतलेला आहे.

एक फट उरते. शूटच्या आधीचे सगळे ईमेल आणि व्हॉट्सॲप चॅट शोधा. ‘दर वेबसाइटपुरता आहे, जाहिरातीसाठी वेगळा’ असं तुम्ही लिहिलं असेल आणि समोरून ‘ओके’ आलं असेल, तर चित्र बदलू शकतं. बी खंडात करार लेखीच हवा असं म्हटलेलं नाही, त्यामुळे ते ‘ओके’ पुरेल असा दावा करता येईल. कोर्ट तो मानेलच, असं मात्र सांगू शकत नाही. नुसत्या स्क्रीनशॉटवर राहू नका. चॅट एक्सपोर्ट करा आणि तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. चॅट कोर्टात पुरावा म्हणून द्यायला 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागेल आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, द्यावी लागते.

असा मजकूर मिळेपर्यंत कॉपीराइटभंगाची नोटीस अजिबात पाठवू नका. निराधार धमकी दिली म्हणून कॉपीराइट कायद्याच्या कलम 60 खाली उलट कंपनीच तुमच्यावर दावा लावू शकते. आणि मजकूर मिळाला तरी मनाईहुकूम मागून सुनावणी लागेपर्यंत ते होर्डिंग बहुधा उतरलेलं असेल.

कलम 57 चा हक्क तुमच्याकडे राहतो, मालकी कुणाचीही असो. फोटो माझा आहे असं सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा. होर्डिंगसाठी त्यांनी बॅकग्राउंड बदललंय. पण त्याने तुमच्या नावाला धक्का बसला हे दाखवणं अवघड आहे, मोठ्या भरपाईची आशा ठेवू नका. तो फोटो नक्की तुम्हीच काढलाय ना, तेही तपासा. दोन सेटअप होते म्हणता. दुसरा कॅमेरा असिस्टंटच्या हातात असेल, तर त्या फ्रेमचा कर्ता तो.

खरी घाई पैशांची आहे. काम करून दिल्याच्या पैशांसाठी दाव्याची मुदत 3 वर्षं, त्यातली अडीच तुम्ही ‘पुढच्या महिन्यात करतो’ ऐकण्यात घालवलीत. तुम्ही नोटीस पाठवल्याने मुदत वाढत नाही. मुदत संपण्याआधी त्यांनी सहीनिशी लेखी देणं कबूल केलं किंवा काही रक्कम दिली, तरच ती नव्याने सुरू होते. त्यांच्या अकाउंट्स विभागाचा एखादा ईमेल तसा धरता येईल, पण त्या भरवशावर सहा महिने काढू नका. शूटच्या आधीपासूनची उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) असेल, तर सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे अर्ज करा. तिथे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज मागता येतं. कायद्यात निकालाला 90 दिवस लिहिलेत. प्रत्यक्षात ते पाळले जात नाहीत आणि याची झळ तुमच्यासारख्या छोट्या माणसालाच बसते. नोंदणी नसेल तर दिवाणी दावा, तोही याच महिन्यात वकिलाकडे द्या.

पुढच्या कोटेशनमध्ये हे टाका: ‘या शूटमधील सर्व छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील. ग्राहकास वेबसाइट, लिंक्डइन व अंतर्गत वापरासाठी 3 वर्षांचा परवाना पूर्ण रक्कम मिळाल्यावर सुरू होईल. होर्डिंग, छापील वा ऑनलाइन जाहिरातीसाठी वेगळा दर लागू.’ कंपनीच्या ईमेलवरून ‘मान्य’ येईपर्यंत लाइट लावू नका. रिसेप्शनवरच्या मुलीने व्हॉट्सॲपवर पाठवलेला अंगठा पुरत नाही. आधी लांब बाजू 1,500 पिक्सेलच्या फाइल्स द्या. वेबसाइटला तेवढं पुरतं. तुम्ही पहिल्याच दिवशी 6,000 पिक्सेलच्या फाइल्स ड्राइव्हवर टाकल्यात, त्यातूनच होर्डिंग तयार झालं. वर्सोव्याच्या आराम नगरमध्ये पैसे घेऊन नटांचे पोर्टफोलिओ काढणाऱ्यांनाही हाच खंड लागतो. मोबदला न घेता काढलेल्या फोटोची मालकी मात्र सहसा फोटोग्राफरकडेच राहते.

आणि याच शूटमधले सहा फोटो तुमच्या इन्स्टाग्रामवर अजून दिसतात. मालकी कंपनीची ठरली, तर भंग करणारे तुम्ही ठराल. ते आजच काढा.