माद्रिदला तीनच दिवस आहेत. संग्रहालयं बघावीत की नाइटलाइफ? मी दारू पीत नाही, रात्री बाहेर पडण्यात अर्थ आहे का?

दोन्ही करा. दारूचा यात काही संबंध नाही, आणि हे ठासून सांगायचं म्हणूनच लिहिते आहे.

आम्ही नातेवाईक मिळून गेलो होतो. मावसभावाने परस्पर ठरवून टाकलं: चित्रं काय, नेटवर दिसतात. आणि रात्री 'ज्यांना घ्यायची नाही त्यांनी हॉटेलवर आराम करावा.' ज्यांना म्हणजे मी आणि आई. मी आईला घेतलं आणि सरळ प्रादो हे चित्रांचं संग्रहालय गाठलं. सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ तिथे प्रवेश फुकट असतो. रांग लांब असते, पण सरकते. आत फोटो काढायला मनाई आहे, त्यामुळे चित्राकडे पाठ करून कोणी उभं नसतं. किती फरक पडतो याने!

गोया या स्पॅनिश चित्रकाराची 'काळी चित्रं' बघायची होती. सत्तरी ओलांडलेला, कानांनी पूर्ण बहिरा झालेला माणूस राहत्या घराच्या भिंतींवर हे रंगवत होता, कोणाला दाखवायचं म्हणून नव्हे. १८७४ पासून ती भिंतींवरून उतरवून कॅनव्हासवर घेतली. त्यातल्या कुत्र्याच्या चित्रात खाली एवढंसं डोकं आणि वर नुसता मातकट पिवळा रंग. आई बराच वेळ हलेना. मग म्हणाली, "बुडतंय का गं हे, की वर येतंय?" नेटवर हे चित्र मी शंभरदा पाहिलं असेल, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

बाहेर आलो तर जूनचं ऊन अजून होतं. वेर्तास रस्त्याने चढत गेलो, तिथे पायाखाली फरसबंदीत लेखकांच्या ओळी पितळी अक्षरांत बसवल्या आहेत. वर सांता आना चौक. तिथे रात्री दहाला लोक जेवायला बसत होते. आजी-आजोबा, बाबागाडीतली बाळं, मधोमध खेळणारी पोरं. आईने मोस्तो घेतला (द्राक्षाचा रस, न आंबवलेला, बऱ्याच बारमध्ये मिळतो) आणि मिटक्या मारत ऑलिव्ह खाल्ले. मध्यरात्रीनंतर सान खिनेसमध्ये दाट चॉकलेटात बुडवून चुरोस (पिठाच्या तळलेल्या कांड्या). हे दुकान १८९४ पासूनचं. आईचं वय सत्तरच्या पुढे, आणि त्या रात्री तिला हॉटेलवर परतायचंच नव्हतं.

माद्रिदची रात्र म्हणजे पब नव्हे, सगळं गाव रस्त्यावर येणं आहे. १९७५ मध्ये हुकूमशहा फ्रँको वारल्यावर इथली तरुण पिढी मालासान्या वस्तीच्या गल्ल्यांत रात्र-रात्र जागू लागली. पिकासोचं 'गेर्निका' हे चित्रही त्याच मोकळीकीमुळे १९८१ मध्ये देशात आलं. लोकशाही येईपर्यंत ते स्पेनला द्यायचं नाही, ही त्याची अट होती. पावणेआठ मीटर लांबीचं चित्र मोबाइलवर बघून 'पाहिलं' म्हणणाऱ्याशी वाद घालू नका, त्याला सोडून जा.

आता राहिलेलं. फुकटच्या दोन तासांत प्रादो होत नाही. वेलास्केस या चित्रकारासाठी एक सकाळ तिकीट काढून द्याच. क्लब रात्री एक-दोननंतर भरतात. मेट्रोत आणि सोल चौकात पर्स पुढे धरा. 'गेर्निका' रेइना सोफिया संग्रहालयात आहे आणि ते मंगळवारी बंद असतं, त्या हिशेबाने दिवस लावा.