मुलगी शाळेत ‘मृत्युंजय’ घेऊन गेली, बाईंनी जप्त केलं. अवांतर पुस्तकं शाळेत न्यायची बंद करावी का?

प्रश्नाच्या तपशिलात ताईंनी लिहिलंय की मुलगी नववीत आहे, तासाला बाकाखाली पुस्तक वाचताना सापडली, बाईंनी ते ठेवून घेतलं आणि वार्षिक परीक्षेनंतरच देणार म्हणतायत, सोमवारी पालकांना बोलावलंय.

बंद करू नका ताई. आणि सोमवारी जाल तेव्हा पुस्तक घेऊनच बाहेर या, मुलीला बरोबर नेऊन, तिच्या देखत मागा. खरं उत्तर एवढंच आहे पण हेच पुस्तक आणि हीच इयत्ता बघून मला दोन ओळींत थांबवेना.

मी आजरा-गडहिंग्लज पट्ट्यातली. कर्णावरची ही कादंबरी लिहिणारे शिवाजी सावंत आजऱ्याचे, कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये शिक्षक होते, नोकरी सांभाळून त्यांनी हे एवढं लिहिलं आणि 1967 ला ते छापून आलं तेव्हा माणसाची तिशीसुद्धा झाली नव्हती. म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या एका शिक्षकानं लिहिलेलं पुस्तक आमच्याच शाळेत एका शिक्षकानं कपाटात कोंडलं. माझा राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

मी नववीत असतानाची ही गोष्ट. पुस्तक वाचनालयाचं होतं. कार्ड माझ्या मैत्रिणीच्या वडिलांच्या नावावर, ते पिठाच्या गिरणीत कामाला होते म्हणून तिला आम्ही सगळ्या गिरणीच म्हणायचो. अनामत रक्कम त्यांनी कशी भरली असेल ते आम्हाला तेव्हा कळत नव्हतं पण पुस्तकाला काही झालं तर गिरणीला घरी मार बसणार हे मात्र पक्कं ठाऊक होतं. ज्यांनी वाचलंय त्यांना माहीतच आहे, त्यात कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण आपापल्या तोंडानं गोष्ट सांगतात. आमच्या टोळक्यात त्यामुळं वाटण्याच झाल्या होत्या. मॉनिटर कुंतीच्या बाजूची, बारकीला धाकटा भाऊ होता म्हणून ती शोणाच्या भागाला रडायची, आणि मी वृषालीची. तो काळ मोबाईलच्या आधीचा, एकीच्या घरी एक रात्र मुक्काम, दुसऱ्या दिवशी मोठ्या सुट्टीत दुसरीच्या दप्तरात, असं ते पुस्तक फिरत होतं. त्या दिवशी ते परत करायची तारीख होती, मागच्या चिठ्ठीवर शिक्काच होता, आणि बारकीचा कृष्णाचा भाग तेवढा राहिला होता.

दिवस कसला होता विचारू नका. आठवडाभर झड लागलेली, हिरण्यकेशीला पाणी चढलेलं, एसटी बंद, बाहेरगावाहून येणारे निम्मे शिक्षक आलेच नाहीत. परिपाठ वर्गातच उरकला. मग हेडसरांनी नववी अ आणि नववी ब एकाच खोलीत बसवली, एका बाकावर चौघी चौघी, पोरं तर खिडकीत आणि टेबलावर, भूगोलाच्या बाई एकदा येऊन ‘शांत बसा, वाचन करा’ म्हणून दहावीकडं निघून गेल्या. वाचन करा म्हणाल्या, आम्ही वाचन काढलं! मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहीत होती, ब तुकडीतली पोरं ती नावं पुसत होती, मागं कोणतरी बाकावर ताल धरून लावणी म्हणत होतं, छत्र्या उघड्याच वाळत टाकलेल्या, सगळीकडं ओल्या कपड्यांचा वास, आणि त्या गोंधळात बारकी कानात बोटं घालून कृष्णाचा भाग वाचत होती आणि आम्ही तिच्या दोन्ही खांद्यांवरनं डोकं घालून तिच्याबरोबर वाचत होतो. मला आजही इतकं एकाग्र होऊन वाचता येत नाही.

आणि कौल सरकलं का काय झालं माहीत नाही, वरनं धारच लागली, ती सरळ उघड्या पुस्तकावर. बारकीनं पुस्तक छातीशी धरलं तोवर शेवटची बरीच पानं भिजली होती. गिरणी एक शब्द बोलली नाही, नुसती पांढरी पडली. मॉनिटरनं खडू फेकला आणि म्हणाली, ‘‘चला गं, मामांकडं शेगडी हाय.’’

शिपाई मामांची खोली जिन्याखाली. मामा चहा ठेवत होते. ओलं पुस्तक कसं वाळवायचं ते मी त्या दिवशी त्यांच्याकडनं शिकले आणि ते सांगतेच, कारण पावसाळ्यात कुणाच्याही कामी येईल. पान पानापासनं ओढायचं नाही, फाटतं. आधी सगळं पुस्तक फडक्यात दाबून पाणी टिपायचं. मग थोड्या थोड्या पानांनंतर वर्तमानपत्राचा कागद सरकवायचा, तो ओला झाला की काढून दुसरा. विस्तवाजवळ धरायचं नाही, कडा कुरळ्या होऊन बांधणी सुटते, नुसत्या उबेच्या खोलीत उभं करून पानं पंख्यासारखी मोकळी ठेवायची. मामांनी परिपाठाच्या बातम्यांसाठी येणारे जुने पेपर काढून दिले. आम्ही गोल बसून कागद बदलत होतो आणि बदलता बदलता भांडण लागलं.

भांडण कर्णावरनंच. मी म्हटलं त्याच्यावर जन्मापासनं अन्याय झाला. मॉनिटर म्हणाली, झाला असेल, पण भर सभेत द्रौपदीला ओढून आणली तेव्हा तो तिला काय काय बोलला, तसलं बोलणारा माणूस थोर कसा? गिरणी म्हणाली ज्यानं राज्य दिलं त्या मित्राला सोडायचं कसं. बारकी म्हणाली मित्र चुकीचं करत असला तर सांगायला नको? मामा श्रावणात देवळात पांडवप्रताप ऐकणारे, त्यांनी चहा गाळता गाळता आपलं मत घातलं, ‘‘चाक काय उगं रुतलं व्हय पोरीनू, बामणाची गाय मारली त्याचा शाप हुता, आनि परशुरामाचा दुसरा.’’ मग मॉनिटरनं मामांनाच विचारलं की शापानंच सगळं व्हायचं असेल तर माणसाचा दोष किती धरायचा. मामा गप्प झाले आणि खरंच विचार करायला लागले. चौदा वर्षांच्या पोरी, बाहेर धो धो पाऊस, आणि आम्ही दैव मोठं का माणूस मोठा यावर तावातावानं बोलत होतो, कुणीही शिकवलेलं नसताना. मराठीच्या तासाला ‘तुम्हाला काय वाटते’ या प्रश्नाचं उत्तरसुद्धा आम्हाला गाइडमधनं लिहायला लावायचे.

तेवढ्यात भूमितीचे सर फेरी मारत आले. आम्ही वर्गाबाहेर होतो हे खरंच होतं, त्याबद्दल छडी दिली असती तर मी आज हे लिहीत बसले नसते. पण सरांनी पुस्तक बघितलं आणि राग पुस्तकावर निघाला. कादंबऱ्या वाचून पोरी बिघडतात, हे वय आहे का, वगैरे. मामा मधे म्हणाले सर ते ओलं आहे, तरी तसंच उचलून स्टाफरूमच्या कपाटात कुलुपात ठेवलं आणि वार्षिक परीक्षेनंतर मिळेल म्हणाले. ऑगस्टमधे. ओलं पुस्तक बंद कपाटात ठेवलं तर चार दिवसांत बुरशी धरते, हे शिक्षकाला सांगायला लागतं?

घरी तात्या, म्हणजे आमचे थोरले चुलते, म्हणाले मास्तरांपुढं जायचंच नाही, पोरीची पुस्तकं बंद करा. आण्णा, म्हणजे माझे वडील, जेमतेम सातवी शिकलेले, शेती करायचे. त्यांनी मला फक्त विचारलं, पुस्तक कुणाचं? मी सांगितलं वाचनालयाचं, कार्ड गिरणीच्या वडिलांचं. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन भर पावसात शाळेत आले आणि सरांना हात जोडून म्हणाले, ‘‘शिक्षा पोरीला करा सर, माझं काय म्हणनं न्हाई. पुस्तक दुसऱ्याचं हाय, ते आत्ता द्या.’’ आवाज चढवला नाही, पण हललेही नाहीत. सरांनी किल्ली काढली.

पुस्तक फुगून दीडपट झालं होतं. वाचनालयानं किंमत मागितली, आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून भरली, मग त्यांनी रद्दचा शिक्का मारून ती प्रत आम्हालाच दिली. बारकीनं कृष्णाचा भाग पुरा केला. गिरणीला मार बसला नाही.

आता ताई, तुम्हाला मी हे का सांगतेय. कारण तात्या अजून प्रत्येक लग्नात, प्रत्येक वास्तुशांतीला हाच विषय काढतात, की तेव्हा आण्णानं पुस्तकं बंद केली असती तर पोरगी डॉक्टर झाली असती. तात्या, तुम्ही हे वाचणार नाही पण तुमची नात वाचून दाखवेल. मी वकील आहे. दिवसभर फाइली वाचते, जुने दस्त, फेरफार, जबाब, आणि एकाच घटनेबद्दल सहा जण सहा प्रकारे सांगतात तेव्हा कुणाचं कुठं पटतंय आणि कोण काय गाळतंय हे बघायची सवय मला कॉलेजमधे नाही लागली, ती शाळेत त्या एका पुस्तकानं लावली. डॉक्टर मला कधीच व्हायचं नव्हतं, बेडूक कापायला निघाले की मी पाणी प्यायला जायचे. पुस्तकानं माझे मार्क खाल्ले हे तुमचं म्हणणं, मार्कशीट घरातच आहे, मराठीचे आणि इतिहासाचे बघा. आणि आण्णांनी मास्तरांचा अपमान केला असंही तुम्ही म्हणता. हात जोडून दुसऱ्याची वस्तू मागणं हा अपमान नसतो. माझ्यासाठी कुणीतरी उभं राहतंय हे मी त्या दिवशी बघितलं.

बरं, काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. बाईंच्या वर्गात साठ पोरं असतील, शिकवत असताना समोर एकजण खाली बघून वाचतेय हे कुणालाही लागेल, त्यामुळं मुलीनं बाईंची माफी मागितलीच पाहिजे आणि तासाला पुस्तक दप्तरात, हे तिला ठणकावून सांगा. सुट्टीत आणि ऑफ तासाला वाचू दे. दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या वेळी जाड पुस्तक घरी राहिलं तर चालेल, नववीला काहीही गरज नाही. फोनवर वाचत असेल तर तो वेगळा विषय, शाळेत फोन नकोच.

आणखी एक. ही कादंबरी आहे, व्यासांचं महाभारत नव्हे, कर्णावर इतकी माया त्यात आहे की पोरं एकाच बाजूची होऊन बसतात. म्हणून ती संपली की तिच्या हातात इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ द्या, तेही 1967 चंच, त्यात कर्णावर ‘मी कोण?’ म्हणून लेख आहे आणि तो कर्णाला इतकं सहज सोडत नाही. आम्हाला तेव्हा ते मिळालं असतं तर मॉनिटर जिंकली असती. तिला मी नंतर भेट दिलं, तिनं फोन करून तासभर ‘मी म्हटलं नव्हतं’ केलं.

सोमवारी काय बोलायचं ते आण्णांचंच वाक्य घ्या. पुस्तक घरचं असेल तर ‘तिच्या वाढदिवसाचं आहे’ म्हणा किंवा जे खरं असेल ते म्हणा, वाचनालयाचं असेल तर मागची तारीख बघून ठेवा, दंड चालू झाला असेल तर तो आधी भरून टाका.