क्रिस्टियानसुंडला क्रूझ थांबणार आहे. जहाजाची सहल घ्यावी की गावातच फिरावं?

तुमचा प्रश्न असा, की नॉर्वेच्या क्रूझमध्ये क्रिस्टियानसुंडला दिवसभराचा थांबा आहे, गाव लहान दिसतंय, तर अटलांटिक रोडची, म्हणजे समुद्रातल्या बेटांवरून पुलांनी जाणाऱ्या रस्त्याची, बससहल घ्यावी का. खाली तुम्ही जोडलंय, "गावात सुक्या माशांच्या म्युझियमशिवाय काही आहे का?" आणि पुढे नाक दाबलेला चेहरा. तो चेहरा बघून लिहायला बसले.

गावातच फिरा. सहल नको.

माझं माहेर रायगडच्या किनाऱ्यावरचं. पाऊस सरला की वलांडीवर, म्हणजे मासे टांगायच्या मांडवावर, बोंबील, अंगणात जवळा, आणि मे संपेपर्यंत पावसाळ्याची बेगमी डब्यांत भरलेली. सासर पुण्याचं. तिथे मटण-कोंबडी सगळं चालतं, पण सुकं म्हटलं की नाकाला पदर. लग्नानंतर पहिल्यांदा गॅसवर दोन बोंबील भाजले तेव्हा मोठ्या वन्सं घरभर उदबत्त्या लावत फिरल्या होत्या. हा किस्सा आमच्याकडे अजून लग्नाकार्यात सांगितला जातो आणि सगळे हसतात. मी पानं वाढायला उठते.

तर क्रूझवर वन्सं आणि त्यांचे मिस्टर सोबत होते. त्यांनी घरूनच बस बुक केली होती. "एवढे पैसे घालून गेलोय तर जगप्रसिद्ध रस्ता बघायचा की सुकट?" हा वन्संचा प्रश्न. मी म्हटलं, सुकट.

जहाज गावातच लागतं, टॅक्सीबिक्सी लागत नाही. गाव बेटांवर वसलंय आणि बेटांमध्ये फिरते सुंडबोटेन नावाची छोटी प्रवासी बोट. ही सेवा १८७६ पासून सुरू आहे. आपल्या भाऊच्या धक्क्याच्या लाँचसारखी गर्दी नाही, पण बाया पिशव्या घेऊन चढतात, पुढच्या धक्क्याला उतरतात. टुरिस्टांसाठी मांडलेला खेळ नाही तो. आधी एक पूर्ण फेरी मारा, मग ठरवा कुठे उतरायचं. इनलांडे बेटावर जुनी लाकडी घरं टिकली आहेत. समोरच्या मुख्य बेटावर जुनं फारसं दिसणार नाही, कारण १९४० च्या एप्रिल-मेमध्ये जर्मन विमानांनी बॉम्ब टाकून गावाचा मधला भाग जाळला. आज दिसतात ती रंगीत घरं नंतर बांधलेली. ज्यांना हे माहीत नसतं ते "नॉर्वेतल्याच ओलेसुंड शहरासारखं सुंदर नाही" म्हणून नाकं मुरडतात.

मला खरं जायचं होतं ते गोमालांडे बेटावर. तिथे मिल्नब्रिग्गा ही १७४९ ची लाकडी वखार आहे, पाण्याला लागून. हेच तुमचं सुक्या माशांचं म्युझियम. गाव उभं राहिलं ते याच मालावर. आधी डच आणि पुढे स्कॉटिश व्यापारी इथे येऊन बसले, १७४२ मध्ये राजाने शहराचा दर्जा दिला, आणि इथला मासा स्पेन, पोर्तुगाल, पार ब्राझीलपर्यंत जायचा. कॉड मासा चिरायचा, मधला काटा काढून उघडून पसरायचा, मिठात थर लावून मुरवायचा, धुवायचा आणि उघड्या खडकांवर वाळत घालायचा. संध्याकाळी गोळा करून रचायचा, सकाळी परत पसरायचा. आता मशीनवर वाळवतात, पण तेव्हा हे काम मुख्यतः बायकांचं.

माहिती सांगणाऱ्या मुलीने एक मासा हातात दिला. त्रिकोणी, पिवळट पांढरा, शेपटीकडे फळीसारखा कडक. मिठाचे खडे बोटांना चिकटले. मी सवयीने मधल्या जाड भागात नख रुतवून बघितलं, आतून ओला आहे का ते. ती मुलगी हसली, म्हणाली, जुन्या बायका हेच करायच्या. मग सांगायला लागली, की आभाळ भरून आलं की बायका-पोरं हातातलं टाकून खडकांकडे धावायची. ऊन जास्त झालं तरी मासा करपून वाया जायचा. मी तिला मोडक्या इंग्रजीत आमच्या आईचं सांगितलं. मे महिन्याच्या शेवटी वाऱ्याची दिशा बदलली की आई जेवणाच्या पानावरून उठून वलांडीकडे पळायची. आमचे हे अर्धा तास बाहेर बाकावर बसून होते, मग आत येऊन म्हणाले, "तुमचं दोघींचं झालं का?"

एक दुरुस्तीही करते, कारण आपल्याकडचे लोक सरसकट "तिकडचे बोंबील" लिहितात. बोंबील आपण बिनमिठाचे टांगून वाळवतो. तसा टांगलेला बिनमिठाचा कॉड नॉर्वेच्या उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांवर असतो. क्रिस्टियानसुंडचा क्लिपफिस्क म्हणजे आपला खारवलेला मासा. हे दोन्ही खारवलेले पाण्यात भिजवून मीठ उतरवल्याशिवाय खाता येत नाहीत.

धक्क्याजवळ हातात मासा घेतलेल्या बाईचा ब्राँझचा पुतळा आहे. मासे वाळवणाऱ्या बायकांच्या मानाचा, १९९२ मध्ये बसवलेला. ससून डॉकला बर्फात उभं राहून कोळंबी सोलणाऱ्या बायकांचा असा पुतळा मी मुंबईत कुठे बघितलेला नाही.

जेवायला बाकालाओ घ्या. तोच मासा, बटाटा, कांदा, टोमॅटो, ऑलिव्ह ऑइल. स्वस्त नाही. तिखट आपल्या मानाने नाहीच, पण मासा दाताखाली तसाच पापुद्रे सुटत येतो.

संध्याकाळी वन्संनी फोटो दाखवले. स्टुरसेईसुन्दे पुलाचा डौलदार बाक, त्याच्यापुढे चाळीस छत्र्या. रस्ता छान आहे, त्याला मी वाईट म्हणत नाही. सव्वाआठ किलोमीटर, आठ पूल, १९८९ चा. पण बस थांबवतात, फोटो काढा म्हणतात, चढा म्हणतात. तेव्हापासून कित्येक वर्षं मात्र मी ऐकतेय की मी नॉर्वेला जाऊन सुकट बघून आले.

मागे वन्सं लिस्बनला गेल्या. फॅमिली ग्रुपवर ताटाचा फोटो आला, "काय अप्रतिम लोकल डिश! बाकालाऊ!" पोर्तुगालमध्ये शिजणारा बराचसा कॉड नॉर्वेहून येतो, तोही खारवून वाळवलेला. मी फक्त म्युझियममधल्या माशाचा फोटो टाकला, खाली लिहिलं, "वन्सं, हाच तो." यांनी मला फोन बाजूला ठेवायला सांगितलं.

असो. आता बाकीचं. तुमचा थांबा रविवारी असेल तर दुकानं बंद असतील, आणि बोटीच्या व म्युझियमच्या वेळा आधी तपासा. पैसे कार्डाने द्या. वार्डेनच्या मनोऱ्यावरून सगळी बेटं दिसतात, पण चढ आहे, गुडघे दुखत असतील तर सोडा. १९६४ चं शिर्केलांडे चर्च बाहेरून विचित्र वाटलं तरी आत जा, वेदीमागची काचेची भिंत बघा. पाऊस येणारच, छत्रीपेक्षा जॅकेट बरं. दक्षिणेला क्रिस्टियानसांड नावाचं वेगळं शहर आहे, तिथलं हवामान बघून कपडे भरू नका.

आणि सोबत म्हातारी माणसं असतील, चालणं जमत नसेल, तर अटलांटिक रोडची बस घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त नंतर इथे येऊन गावात काही नव्हतं असं लिहू नका.