खांबाचा पिवळा रंग, दारावरचे चरे आणि दोन पॅनलचा खर्च

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि तिन्ही फोटो मोठे करून बघितले. इंदिरानगरच्या सोसायटीत रिव्हर्स घेताना सिल्व्हर गाडीचं मागचं डावं दार आणि बंपरचा कोपरा पार्किंगच्या पिवळ्या-काळ्या खांबाला घासला. गॅरेजवाला म्हणतो दोन्ही पॅनल रंगवावे लागतील, आणि मिस्टरांचं म्हणणं पेट्रोलनं पुसून बघू. पेट्रोल राहू द्या, आणि रंगकामालाही इतक्यात हो म्हणू नका. नाशिकच्या अंबडला गाड्यांचे सुटे भाग रंगवणाऱ्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं पेंट शॉपला, म्हणजे रंगकामाच्या विभागात, काढली आहेत. त्या नजरेनं सांगतो, फोटोत जे भयंकर दिसतंय त्यातलं निम्म्याहून जास्त तुमच्या गाडीचं नुकसान नाहीच. तो खांबाचा रंग आहे, तुमच्या रंगावर येऊन बसलेला.

खांबाला असतो साधा ऑइलपेंट, हवेवर वाळलेला. तुमच्या दाराचा रंग भट्टीत, साधारण १४० अंशांना भाजलेला. मऊ आणि कडक एकमेकांवर घासले की मऊ निघतो आणि कडकावर लागतो, खडू फळ्यावर लागतो तसा. म्हणून पिवळे पट्टे बघून घाबरू नका. त्यांच्याखाली काय आहे ते पट्टे काढल्यावरच कळेल, आणि तोपर्यंत कुणीही दिलेला अंदाज अंदाजच.

दाराच्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग बेस म्हणजे खरा सिल्व्हर रंग, आणि सगळ्यात वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक लाखेसारखा थर. चमक सगळी क्लिअरची. तो साधारण ४० मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपला केस ७० च्या आसपास धरा. म्हणजे केसाहूनही बारीक थरावर आपण घासाघीस करणार. हे एकदा डोक्यात बसलं की हात आपोआप हलका पडतो. बाटली संपवायची म्हणून कंपाउंड, म्हणजे रंग घासून चमकवायची पेस्ट, घासत बसणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्या गाडीला दोन-तीन वर्षांत ढगाळ चट्टे पडतात.

आधी गाडी धुवा, सावलीत आणि पत्रा गार असताना. हे नाशकात मुद्दाम सांगावं लागतं, कारण आपल्याकडं धुळीला तोटा नाही. ती धूळ अंगावर ठेवून तुम्ही कापड फिरवलंत की दोन चऱ्यांचे दोनशे होतात. दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत कापड खळबळायला साधं पाणी. पाणी बोअरचं असेल तर ते गाडीवरच वाळू देऊ नका, पांढरे डाग धरतात. (ओझर-पिंपळगावकडं बागांमधून जाणं-येणं असेल तर मोरचुदाच्या फवारणीचे निळसर थेंबही त्याच दिवशी धुवून टाकत जा. तो वेगळा विषय आहे, पण राहवत नाही म्हणून सांगितलं.)

धुतल्यावर ओल्या दाराकडं तिरपं बघा. ओलं असताना जो चरा नाहीसा होतो आणि वाळल्यावर परत दिसतो, तो क्लिअरमध्येच आहे. पाण्यानं खाच भरते, उजेड विखरत नाही, म्हणून तो लपतो. तो घरी निघेल. मग नख आडवं फिरवा. नख अडकलं तर चरा खोल आहे, तिथं कंपाउंड घासून फक्त आजूबाजूचं क्लिअर जाईल, चरा तसाच राहील. तळाशी राखाडी दिसलं तर प्रायमरपर्यंत गेलाय, चकाकलं तर पत्र्यापर्यंत. बंपरवर काळं दिसलं तर ते प्लॅस्टिक, त्याला गंज चढत नाही, त्यामुळं तिथं घाई नाही.

आता पिवळा रंग. पांढरं मऊ सुती कापड किंवा मायक्रोफायबर घ्या, त्यावर थोडं टर्पेंटाइन. गाडीवर ओतायचं नाही, कापडावर घ्यायचं. पट्ट्यावर अर्धा मिनिट दाबून ठेवा, मग एकाच दिशेनं ओढा. कापडाची घडी बदलत राहा, नाहीतर काढलेला पिवळा परत लावत बसाल. चार-पाच वेळा केलंत की बराचसा निघतो. लगेच साबणाच्या पाण्यानं तो भाग धुवा. पेट्रोल का नको, तर ते झटकन उडतं, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा ओततो आणि जोर लावतो. शिवाय बंद पार्किंगमध्ये त्याची वाफ साठणं म्हणजे जिवाशी खेळ.

थिनर तर अजिबात नको. इथं माझीच फजिती ऐका. मी जुनी गाडी घेतली होती, मागच्या मालकानं एक दार बाहेर रंगवून घेतलेलं, मला पत्ता नाही. एवढी वर्षं पेंट शॉपला काढलेला माणूस, म्हटलं आपल्याला काय होतंय, आणि डांबराच्या ठिपक्यावर थिनरचं कापड फिरवलं. ठिपका गेला, त्याच्यासोबत हाताएवढा लाल रंगही कापडावर आला. बायकोनं ते कापड बरेच दिवस जपून ठेवलं होतं, कुणी पाहुणा आला की दाखवायला. तेव्हा तुमची गाडी सेकंडहँड असेल तर टर्पेंटाइनसुद्धा आधी दाराच्या खालच्या कोपऱ्यात लावून बघा. पांढऱ्या कापडावर गाडीचा रंग उतरला तर तिथंच थांबा.

पिवळा गेल्यावर जी धुरकट, बारीक चऱ्यांची जागा उरेल तिच्यासाठी कंपाउंड. दुकानात बारीक मागा, जाडं नको. फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढं घ्या आणि एका वेळी हातरुमालाएवढीच जागा धरा. मध्यम दाब, वीस-पंचवीस हात, पुसा, बघा. गरज वाटली तर परत. तीन फेऱ्यांनंतरही जे दिसतंय ते राहू द्या. दाराच्या मधून जी उभारलेली रेघ जाते तिच्यावर आधी मास्किंग टेप लावा, धारेवर रंग सगळ्यात पातळ बसतो आणि घासताना पहिला तोच उडतो. खालच्या काळ्या, न रंगवलेल्या प्लॅस्टिकवरही टेप लावा. तिथं कंपाउंड वाळलं की पांढरं पडतं आणि दात घासायच्या ब्रशनंही नीट निघत नाही.

ब्रशवरून आठवलं, टूथपेस्ट. काम करते थोडंफार, कारण तीही घासणारीच वस्तू. पण तिचा कण किती जाडा ते आपल्याला माहीत नसतं. शंभर-दोनशे रुपये वाचवायला एवढा खटाटोप मी करणार नाही. ड्रिल मशीनला पॅड लावून पॉलिश करणारे व्हिडिओही बघून सोडून द्या. बंपर प्लॅस्टिकचा, उष्णता पत्र्यासारखी पसरत नाही, एका जागी पॅड थांबलं की रंग भाजतो. २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून मारायची युक्ती खरी आहे, आम्ही रोज करायचो, पण ज्यानं कधी केलं नाही त्यानं आपल्या दारावर शिकू नये. शेवटी वॅक्सचा एक हात. त्यानं चरा जात नाही, फक्त झाकला जातो आणि दोन-तीन धुण्यांत परत डोकं वर काढतो.

तुमच्या तिसऱ्या फोटोत हँडलखाली जो दोन इंची चरा आहे, तो मात्र मला खोल वाटतोय, तळाशी राखाडी दिसतंय. त्याला टचअप लागेल, म्हणजे चऱ्यात गाडीचाच रंग भरावा लागेल. शेडचा कोड गाडीवरच्या प्लेटवर असतो, कंपनीनुसार बॉनेटखाली नाहीतर दाराच्या चौकटीवर. तोच नंबर सांगून बाटली घ्या, डोळ्यांनी सिल्व्हर जुळवू नका. बाटलीतला ब्रश जाडा असतो, तो बाजूला ठेवून टूथपिकच्या टोकानं चऱ्याच्या आत रंग सोडा. दोन पातळ हात, मध्ये अर्धा तास, मग क्लिअर. खरं सांगतो, सिल्व्हरवर हे शंभर टक्के जुळत नाही. त्यातले धातूचे कण फवाऱ्यानं एका रीतीनं बसतात, टूथपिकनं दुसऱ्या, त्यामुळं जवळून थोडं गडद दिसेल. पण चार फुटांवरून कळणार नाही आणि गंज धरणार नाही. हे पावसाळ्याआधी उरका, दमट हवेत टचअप नीट बसत नाही.

रंगवायचंच ठरलं तर दोन गोष्टी. दार आणि बंपर शेजारी शेजारी थोडे वेगळे दिसले तर लगेच पेंटरला धारेवर धरू नका. प्लॅस्टिक १४० अंश सोसत नाही, म्हणून बंपर कारखान्यातही वेगळा, कमी उष्णतेवर रंगवलेला असतो. सिल्व्हरमध्ये हा फरक नव्या गाडीतही दिसतो, संध्याकाळच्या उन्हात बघा. दुसरं, विम्याच्या क्लेमचं गणित. दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममध्ये १००० रुपये सक्तीनं तुमच्या खिशातले जातात. शिवाय नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जो पहिल्या वर्षी २० टक्के आणि पाच वर्षांत ५० पर्यंत चढतो, तो शून्यावर येतो. पॉलिसीत बोनस वाचवणारं कलम घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर बोनस किती रुपयांचा आहे ते काढा आणि मगच गॅरेजच्या आकड्याशेजारी मांडा.

बंपर तडकला असेल किंवा दाराला पोचा असेल तर गॅरेजवाल्याचं बरोबर आहे, पण फोटोत तसं काही दिसत नाही. रविवारी सकाळी गार हवेत दोन तास काढा, पिवळा रंग उतरवा आणि हँडलखालच्या चऱ्याचा नखाचा निकाल इथं कळवा. आणि सोसायटीच्या मीटिंगची वाट न बघता, सायकलवाल्याकडून एक जुना टायर आणून त्या खांबाला गाडीच्या उंचीवर बांधून टाका.