आवाजाचा क्लास नंतर लाव, आधी पॅट्सी क्लाइनची जुनी गाणी ऐक

चि. तुला,

तुझा लांबलचक मेसेज मिळाला. तीन गाणी रेकॉर्ड झाली, रिलीज झाली, घरच्यांनी आणि मैत्रिणींनी ऐकली आणि विषय संपला, त्यामुळे आता तुला वाटतंय की आपल्या आवाजातच काहीतरी गडबड आहे, पहिल्यापासून क्लास लावायला हवा. आणि मग अगदी शेवटी, जाता जाता, एका ओळीत विचारलंयस की कंपनीने पुढच्या कॉन्ट्रॅक्टचे कागद पाठवलेत, सही करून टाकू का. अगं बाई, ती ओळ सगळ्यात वर हवी होती! क्लासचं बघू नंतर.

तुझी लाडकी पॅट्सी क्लाइन घेऊ, अमेरिकेतली कंट्री गाणी गाणारी. 'क्रेझी' तू स्टेजवर गातेस, चांगली गातेस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ती १९६१ ची पॅट्सी. १९५५ ते १९६० मधली पॅट्सी नीट बसून ऐकलीयस का? कानावर पडली असेल नक्की, कारण ती गाणी 'ग्रेटेस्ट' नि 'बेस्ट ऑफ' असली नावं देऊन स्वस्तातल्या रेकॉर्डवर, मग कॅसेटवर, मग सीडीवर इतक्या वेळा छापली गेलीयत की मोजदाद नाही, आणि माणूस 'क्रेझी'च्या आशेने लावतो आणि दोन गाण्यांनंतर म्हणतो हे काय भलतंच, ही तीच बाई का.

तीच बाई. आणि मला तुला एवढंच ऐकवायचंय की बाई तीच होती, बदललं दुसरंच काहीतरी.

जन्म १९३२ चा, गाव विंचेस्टर, व्हर्जिनिया. बाप घर सोडून गेलेला, पोरीने शाळा सोडून औषधाच्या दुकानातल्या सोडा काउंटरवर नोकरी धरली, आई शिवणकाम करायची आणि पोरीचे स्टेजवरचे झालरीवाले काउगर्ल ड्रेसही तीच शिवायची. नोटेशन वाचता येत नव्हतं, सगळं कानाने. रात्री क्लबांमधून गायची. अशा मुलीसमोर सप्टेंबर १९५४ मध्ये फोर स्टार नावाच्या कंपनीचा कागद आला. मालक बिल मॅकॉल, कंपनी कॅलिफोर्नियात पॅसाडेनाला. तिने सही केली. कोण नाही करणार? एकवीस-बावीस वर्षांची पोर, रेकॉर्ड निघणार म्हणजे काय ते.

आता कागदात काय होतं ते बघ. एक, रॉयल्टी २.३४ टक्के, म्हणजे त्या काळी नावाजलेल्या कंपन्या साधारण पाच टक्के द्यायच्या त्याच्या निम्म्याहूनही कमी. दोन, रेकॉर्डिंगचा खर्च तिच्याच वाट्यातून वळता करायचा. आणि तीन, हे खरं विष, गाणी फक्त अशी घ्यायची ज्यांचं पब्लिशिंग, म्हणजे गाण्याचे हक्क, फोर स्टारकडे आहेत. म्हणजे नॅशव्हिलमध्ये, कंट्री संगीताच्या त्या माहेरघरात, त्या वेळी एकाहून एक गीतकार वह्या घेऊन फिरत होते आणि ही मुलगी त्यातलं एकही गाणं घेऊ शकत नव्हती, मॅकॉलच्या कपाटात जे असेल ते गायचं. शिवाय त्या गाण्यांच्या लेबलवर गीतकार म्हणून वारंवार एक नाव दिसतं, डब्ल्यू. एस. स्टीव्हनसन. हा कोण? असा कोणी माणूसच नव्हता, ते मॅकॉलने स्वतःसाठी घेतलेलं टोपणनाव! गाणं लिहिलं दुसऱ्याने, पण नावात हा भागीदार, म्हणजे गीतकाराच्या पैशातही हिस्सा. मला तर या प्रकाराचं आजही कौतुक वाटतं, अर्थात चोराच्या हुशारीचं वाटतं तसं.

१ जून १९५५ ला नॅशव्हिलमध्ये तिचं पहिलं सेशन झालं, चार गाणी. आज रात्री ती चारही ऐक, हेडफोन लावून, मोबाइलच्या स्पीकरवर नको. त्यातलं 'अ चर्च, अ कोर्टरूम, देन गुडबाय' हे तिच्या पहिल्या रेकॉर्डवरचं गाणं. चर्चमध्ये लग्न, कोर्टात घटस्फोट आणि मग निरोप, अशी तीन थांब्यांची रडकथा, गाण्याचं नाव वाचलं की गोष्ट संपली, ऐकायला काही उरतच नाही. फिडल आणि स्टील गिटार ओळीओळीमागे हुंदके देतायत. आणि त्या सगळ्याच्या मध्ये हा आवाज! दुसऱ्याच गाण्यासाठी आलेला आणि चुकून इथे बसलेला वाटतो. स्वर तंतोतंत, श्वास कुठे घेतला ते कळत नाही, ओळीच्या शेवटी स्वर किंचित मोडायची ती सवय तेव्हाही आहे. त्याच सेशनमधलं 'हॉन्की टॉन्क मेरी-गो-राउंड' जरा उड्या मारणारं आहे, तिथे ती मजेत गाते, ते मला आवडतं. पण ती मजा तिची, गाण्याची नाही.

आणि हे सेशन कोणी केलं माहितीये? ओवेन ब्रॅडलीने. म्हणजे ज्याने पुढे 'क्रेझी' केलं तोच. या ब्रॅडलीने आपल्या गिटारवाल्या भावाबरोबर, हॅरोल्डबरोबर, नॅशव्हिलच्या १६ व्या अ‍ॅव्हेन्यूवर एक घर घेऊन स्टुडिओ थाटला आणि घराला लागून ते अर्धगोल पत्र्याचं, लष्करी गोदामासारखं शेड उभारलं, तिथेच तिची बहुतेक सगळी गाणी झाली. म्हणजे प्रोड्यूसर तोच, शहर तेच, वाजवणाऱ्यांत बरेचसे तेच, गळा तोच. तरी एकीकडे एकामागून एक पडलेल्या रेकॉर्ड आणि दुसरीकडे १ नंबरला गेलेलं 'आय फॉल टू पीसेस'. मग सांग, फरक गळ्यात होता का?

तू म्हणशील मध्ये 'वॉकिन आफ्टर मिडनाइट' तर गाजलं ना. गाजलं. ८ नोव्हेंबर १९५६ ला रेकॉर्ड झालं. तो एकच अपवाद, आणि गंमत म्हणजे ते गाणंही फोर स्टारच्याच कपाटातलं, आधी के स्टार नावाच्या पॉप गायिकेसाठी लिहिलेलं, तिच्या कंपनीने नाकारलेलं. पॅट्सीला स्वतःला ते आवडलं नव्हतं, तिचा जीव 'अ पुअर मॅन्स रोझेस'वर होता, शेवटी दोन्ही एकाच रेकॉर्डच्या दोन बाजूंना आली. 'वॉकिन'मध्ये स्टील गिटार वाजवलंय डॉन हेल्म्सने, कंट्रीतला मोठा गायक हँक विल्यम्स, त्याच्या मागे वाजवायचा तोच, आणि इथे ते स्टील रडत नाही तर मध्यरात्रीच्या रस्त्यावर तिच्याबरोबर चालतं, ओळ संपली की दोन पावलं टाकतं आणि थांबतं. मग जानेवारी १९५७ मध्ये आर्थर गॉडफ्रीच्या टीव्हीवरच्या स्पर्धेच्या शोमध्ये ती हेच गाणं गायली. तिथेही तिला दुसरंच गायचं होतं, आणि काउगर्ल ड्रेसही घालायचा होता, शोवाल्यांनी दोन्हीला नाही म्हटलं, साधा कॉकटेल ड्रेस घाल आणि हे गा म्हणाले. नियमाने नातेवाइकाने गायकाची ओळख करून द्यायची नसायची, तिच्या आईने नातं लपवून करून दिली. जिंकली. गाणं कंट्री चार्टवर २ नंबर आणि पॉप चार्टवर १२.

आता इथे थांब जरा, कारण तुझ्यासारख्या हट्टी पोरीने यातून नेमका सोयीचा अर्थ काढायला नको. गायकाला स्वतःच्या गाण्याची पारख असतेच असं नाही. पॅट्सीचा अंदाज चुकला आणि तिच्यावर गाणं लादणाऱ्यांचा बरोबर ठरला, एवढंच काय पुढे 'आय फॉल टू पीसेस'च्या वेळीही तिची कुरकुर होतीच, मागे जॉर्डनेअर्स नावाचे चार पुरुष गाणार म्हटल्यावर तिला धास्ती की हे आपला आवाज बुडवणार. म्हणून मी तुला 'स्वतःचं ऐक' वगैरे सांगत नाहीये. मी म्हणतोय तुझी गाणी निवडणाऱ्या माणसाला कपाट किती मोठं आहे ते बघ. ब्रॅडली चांगला निवडणारा होता, पण पाच वर्षं त्याला एकाच कपाटातून निवडायचं होतं. आणि निवडणाऱ्याचा फायदा कशात आहे तेही बघ, चांगल्या गाण्यात की स्वतःच्या नावावर असलेल्या गाण्यात.

'वॉकिन'नंतर पुन्हा दुष्काळ. पण त्या दुष्काळातलं 'थ्री सिगरेट्स इन अ‍ॅन अ‍ॅशट्रे' चुकवू नकोस, १९५७ चं आहे. एक छोटं कॅफे, टेबलावर दोघं, अ‍ॅशट्रेत दोन सिगरेटी, मग तिसरी बाई येते, सिगरेटी तीन होतात, आणि शेवटी एकटीच एक जळत राहते. बस्, एवढंच. ना कोर्ट ना चर्च. आणि पॅट्सी इथे आवाज खाली आणते, जवळजवळ बोलते, रडायची जागा असून रडत नाही. 'क्रेझी'मधली पॅट्सी इथे आधीच आलेली आहे असं मला वाटतं. त्यात गीतकार म्हणून ते स्टीव्हनसनचं भूत आहेच, तरी गाणं चांगलं आहे, म्हणजे कपाटात अधूनमधून काहीतरी हाती लागायचं.

फोर स्टारसाठी तिने एकूण ५१ गाणी केली, हिट म्हणावं असं एक. शेवटचं सेशन जानेवारी १९६० चं, त्यात हँक विल्यम्सने गाजवलेलं 'लव्हसिक ब्लूज' आहे, ऐक आणि सांग मला आवाजात काय कमी आहे ते. करार संपला, ती डेक्का नावाच्या मोठ्या कंपनीकडे गेली, आणि नोव्हेंबर १९६० मधल्या सेशनला पहिल्यांदा दार उघडं होतं, कोणाचंही गाणं घेता येत होतं. हँक कॉक्रन आणि हार्लन हॉवर्डचं 'आय फॉल टू पीसेस' आलं. तेही लगेच नाही चाललं बरं का, जानेवारीत रेकॉर्ड बाजारात आली आणि कंट्रीत १ नंबरला जायला ऑगस्ट उजाडला, मध्ये जूनमध्ये तिचा भयंकर कार अपघातही झाला. मग त्याच ऑगस्टमध्ये विली नेल्सनने लिहिलेलं 'क्रेझी'. बरगड्या दुखत होत्या, वरचे स्वर धरता येईनात, म्हणून वादकांनी आपला भाग रेकॉर्ड केला आणि तिने काही दिवसांनी येऊन त्यावर गायलं. तू जे गातेस ना, ते.

आणि मार्च १९६३ मध्ये विमान अपघातात गेली, वय ३०. म्हणजे मनासारखी गाणी मिळाली ती जेमतेम सव्वादोन वर्षं, आणि त्या कागदाखाली गेली पाचाहून जास्त. हा हिशोब मला दर वेळी चिडवतो.

ती पाच वर्षं फुकट गेली असंही नाही म्हणणार मी. पन्नास गाणी माइकसमोर उभं राहून गायची म्हणजे रियाजच. त्याच ऑगस्ट १९६१ मध्ये तिने 'वॉकिन' आणि 'पुअर मॅन्स रोझेस' पुन्हा रेकॉर्ड केली, मागे जॉर्डनेअर्स. १९५६ चं आणि १९६१ चं एकामागोमाग एक लाव. पहिल्यात ती ओळीवर झडप घालते, दुसऱ्यात ओळ तिच्यापर्यंत यायची वाट बघते. हे क्लासमध्ये नाही शिकवत कोणी, ते गाऊन गाऊनच येतं. म्हणजे तुझीही तीन गाणी वाया गेलेली नाहीत, पण तिसऱ्याचे शब्द मी वाचलेत आणि त्यावर मी आता काही बोलत नाही.

तर कागदाचं. त्यात गाणी कोण निवडणार हे लिहिलंय का ते शोध, आणि नुसतं 'परस्पर संमतीने' असेल तर एकमत झालं नाही तर कोणाचं चालणार ते विचार. बाहेरच्या गीतकाराचं गाणं घ्यायला मुभा आहे का? खर्च तुझ्या वाट्यातून कापणार का, आणि कापणार तर त्याचा हिशोब कोण दाखवणार? किती वर्षं, आणि मुदत वाढवायचा हक्क फक्त त्यांना की तुलाही? रॉयल्टीचा विषय काढायला लाजू नकोस, साठच्या दशकात लताबाईंनी काढला तेव्हा रफीसाहेबांशी बिनसलं आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत, तरी त्या हटल्या नाहीत. आता तर २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यातच गायकाच्या रॉयल्टीची तरतूद आहे. कागद वकिलाला दाखव, ओळखीतला काका नको, कॉपीराइटचं काम करणारा हवा, पैसे लागतील, लागू देत.

कंपनीवाले वाईटच असतील असं माझं म्हणणं नाही. कदाचित भली माणसं असतील. पण घाई करतायत ना? 'सोमवारपर्यंत कळवा' असं तूच लिहिलंयस. सोमवारी त्यांना कळव की वाचतेय.

आणि मला सगळ्या पानांचे फोटो पाठव, नुसतं सहीचं पान नको, मागचं ते बारीक अक्षरातलं परिशिष्टसुद्धा. शनिवारी दुपारी मी मोकळा आहे.

तुझा,
सर