कडबाकुट्टीवर कॅडिलॅक लिहू का?

मागच्या अंकात आमच्या अंगणातल्या एकचाकी ढकलगाडीचा फोटो छापला होता, निळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात तिरकं ‘फोर्ड’ लिहिलेली, आणि तेव्हापासून पत्रं नि मेसेज थांबायचं नावच घेईनात. शेणखत वाहायच्या गाडीला एवढं कौतुक मिळेल असं गाडीलाही वाटलं नसेल. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं शक्य नाही म्हणून सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत. नाव छापू नका, घरातले हसतील, असं बऱ्याच जणांनी कळवलंय, तर गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न (नंदगड) : दादा, ती अक्षरं रेडियमची का हातानं काढलेली? मलाही काढायचंय, पण माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. जमेल का?

उत्तर : हातानंच काढलीत, आणि जमतंय की, न जमायला काय झालं. फोर्डची ती अक्षरं मुळात कुठून आली माहितीये? हेन्री फोर्डच्या सुरुवातीच्या माणसांत चाइल्ड हॅरोल्ड विल्स म्हणून एक इंजिनियर होता, तो तरुणपणी व्हिजिटिंग कार्डं छापून द्यायचा आणि त्या कामाचा अक्षरांचा संच त्याच्याकडं पडून होता. तोच काढून त्यानं कंपनीचं नाव लिहिलं. म्हणजे जगभर फिरलेलं ते अक्षर मूळचं व्हिजिटिंग कार्डाचं, त्याला घाबरायचं काय.

हवं तेवढ्या मापाचं मोठं झेरॉक्स काढा. अक्षराच्या कडेकडेनं सुईनं भोकं पाडा, अगदी जवळ जवळ. गेरूची पूड फडक्यात बांधून पुडी करा, कागद पत्र्यावर चिकटवा आणि पुडी हलक्या हातानं आपटत जा. कागद उचलला की ठिपक्यांची ओळ उमटलेली असते. घरातल्या बायकांना विचारा, रांगोळीचा छाप मारतात तसंच आहे. मग लांब केसांचा ब्रश, इनॅमल रंग आणि मनगटाला टेकू द्यायला एक काठी. तिरकी रेघ एका दमात ओढायची, मध्ये थांबलात की थांबल्याची गाठ दिसते ती दिसतेच.

आणि माझ्यासारखं करू नका. मी एकदा पाण्याच्या पिंपावर शेवरले काढायला घेतलं, इंग्रजीत, डावीकडनं सुरुवात करून झोकात पुढं गेलो आणि शेवटचा टी गेला पिंपाला वळसा घालून मागं. समोरनं बघितलं तर ‘शेवरले’ अर्धवट, मागनं बघितलं तर नुसता एक टी उभा. नऊ अक्षरं आहेत, मधलं आर, म्हणून आर मध्यावर घ्यायचा असं वाटतं, पण तेही चुकतंच कारण डावीकडची चार अक्षरं रुंद आहेत आणि उजवीकडं एल, टी बारीक. खरा मध्य वी आणि आर यांच्या फटीकडं सरकतो. म्हणून अक्षरं मोजायची नाहीत, कागदावरची पूर्ण लांबी मोजायची आणि तिचा मध्य पत्र्याच्या मध्यावर ठेवायचा. रंग कुठला द्यायचा हे विचारणारे वीस जण आहेत, दोन अक्षरांत फट किती सोडायची हे एकानंही विचारलं नाही. सगळा खेळ तर तिथं आहे.

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : नवीन पत्र्याची बादली आणि झारी आणून त्यावर लाल ऑइल पेंट मारला, वर डॉज लिहिलं. पहिल्याच पावसात पापुद्रे निघायला लागले. दुकानदारानं रंग खराब दिला का?

उत्तर : रंगाला नावं ठेवू नका. बादलीचा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असतो आणि आपल्या ऑइल पेंटमधलं तेल त्या जस्ताशी लागून हळूहळू साबणासारखा थर तयार करतं. साबणावर रंग टिकेल का? वरनं चांगला दिसतो आणि खालनं सुटलेला असतो. सगळा खरवडून काढा, सोड्याच्या पाण्यानं तेलकटपणा घालवा, बारीक पॉलिश पेपरनं नुसती चमक मोडेपर्यंत घासा, आणि जीआय म्हणजे अशा जस्ती पत्र्यासाठी वेगळा एच (इंग्रजीत etch) प्रायमर मिळतो तो मागा. साधा रेड ऑक्साइड नको, तो काळ्या लोखंडाला. आणि पाऊस पडूलालाय तोवर हात लावूच नका, आमच्याकडं जुलैत रंगाचं काम काढणं म्हणजे रंग गटारीत ओतणं. दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस चांगलं ऊन असतं. खंडेनवमीला हत्यारं पुजायला मांडतो, तेव्हा तुमची डॉजची झारी कुदळीच्या शेजारी ऐटीत बसेल.

प्लॅस्टिकच्या निळ्या बॅरलबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. त्यावर काहीच टिकत नाही, नाद सोडा.

प्रश्न (निपाणीजवळून) : आमच्याकडं बैलगाडी आहे, डनलॉपची. मुलगा म्हणतो फाळक्यावर जुन्या मोटारीचं नाव टाकूया. बाबांना आवडेना, म्हणतात बैलगाडीला मोटारीचं नाव कशाला. काय करावं?

उत्तर : तुमच्या बाबांना एवढंच विचारा की गाडीला ‘डनलॉपची’ कोण म्हणतंय? रबरी टायर आले तेव्हापासून टायरच्या कंपनीचं नाव आपण सगळ्या गाडीला लावून बसलोय. म्हणजे परदेशी नाव तर कधीच लागलंय, फक्त कुणी लिहिलेलं नाही.

तरी बाबांचं अगदीच चूक नाही, वाट्टेल ते नाव शोभत नाही. माझं ऐकत असाल तर मॉरिस घ्या. ऑक्सफर्डच्या या मोटारीच्या बिल्ल्यावर काय होतं तर पाण्याच्या लाटांवरनं चाललेला तांबडा बैल! ऑक्स म्हणजे बैल आणि फर्ड म्हणजे नदीचा उतार, बैल जिथनं नदी पार करतात ती जागा, त्या शहराच्या नावातच बैल आहे. आणि परकं तरी किती म्हणायचं, आपली अँबेसिडर याच मॉरिस ऑक्सफर्डवरनं निघाली, 2014 पर्यंत उत्तरपाड्याला तयार होत होती. आमदार, डॉक्टर, टॅक्सीवाले, सगळे तिच्यातनं फिरले. तर फाळक्याच्या मधोमध गोल, गोलात बैल, खाली दोन निळ्या लाटा. बेंदराला शिंगं रंगवून बेगड लावताना गाडीलाही नवा हात मारता येईल. बाबा नाही म्हणणार नाहीत, आणि म्हणालेच तर बैल त्यांनाच काढायला सांगा.

फाळक्यावर नुसती अक्षरं हवी असतील तर जुन्या विलीज जीपसारखी घ्या. तिच्या बॉनेटच्या कडेला आणि मागच्या फाळक्याला नाव पत्र्यातच ठोकून उठवलेलं असायचं, जाड, सरळ, काही नखरा नाही. लाकडी फळ्यांवर बारीक वळणं फळीच्या फटीत अडकतात, ठोकळी अक्षरं चालतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर लिहिणार असाल तर नंबर आणि मागचे लाल रिफ्लेक्टर झाकू नका, रात्री उसाच्या ट्रॉलीचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

प्रश्न (टिळकवाडी) : इंग्रजीतच लिहायला पाहिजे का? आमच्या सूनबाई कन्नड शाळेत शिकलेल्या, त्यांचं म्हणणं कन्नडमध्ये काढू. मी म्हणते मराठीत. ढकलगाडी एकच आहे.

उत्तर : ताई, गाडीला दोन बाजू असतात की ओ!

गंमत सोडा, पण प्रश्न झकास आहे. जुन्या मोटारींची तिरकी अक्षरं एकमेकांचा हात धरून चालतात आणि खालनं एक शेपूट पुढं ओढलेलं असतं. कन्नड अक्षरं गोल, त्यांना ते वळण आपसूक येतं, सूनबाईंचं काम सोपं आहे. देवनागरीत अडचण शिरोरेघेची. ती वर आडवी दांडी टाकून बसते आणि वळण मारून टाकते. मी दोनतीन कागद फुकट घालवले, मग लक्षात आलं की जुन्या गाड्यांना दारावरनं क्रोमची पट्टी जायची, बॉनेटपासून डिक्कीपर्यंत. शिरोरेघ म्हणजे ती पट्टी समजायची! चंदेरी रंगात एकच लांब रेघ गाडीच्या तोंडापासून हँडलपर्यंत ओढा आणि ‘पद्मिनी’ तिला खालनं लटकू द्या. पद्मिनी एवढ्यासाठी म्हणतो की कुर्ल्याच्या कारखान्यात झालेली ती मोटार, नाव आपलंच आहे, आणि जोडाक्षरातला तो द्म नीट जमला तर बघत राहावं असा दिसतो.

प्रश्न (अनगोळ) : भंगारात जुन्या मोटारीचे क्रोमचे खरे बिल्ले मिळतात. ते लावले तर चालतील ना? आणि अशा गाड्या करून विकल्या तर?

उत्तर : गाडी खरोखरच भंगारात गेली असेल तर घ्या, पण कुणाच्या उभ्या गाडीचा बिल्ला उपसून आणलेला घेऊ नका, अशी गाडी नीट करणारा माणूस एका बिल्ल्यासाठी वर्ष वर्ष फिरतो. शिवाय ते बिल्ले बहुतेक जस्ताच्या ओतकामाचे, मागच्या खुंट्या एवढ्या ठिसूळ झालेल्या असतात की नट जरा आवळला की कट्. आणि खत ओढताना क्रोमचं टोक धोतराला नाहीतर ओच्याला लागणार.

त्यापेक्षा बिल्ल्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसं. तो छाप घेऊन बेळगावच्या उद्यमबागेत जा. गाव फाउंड्र्यांचं, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यांचं आहे, लाकडी पॅटर्न म्हणजे साच्यासाठीचा नमुना करून ॲल्युमिनियममध्ये ओतून देणारा कुणीतरी भेटतोच, मोठ्या ऑर्डरच्या मधे तुमची चार अक्षरं बसवायला चहा पाजावा लागेल तेवढा पाजा. पॅटर्न किंचित मोठा लागतो, ॲल्युमिनियम गार होताना साधारण शेकडा 1.3 आटतं, म्हणजे फूटभर नावाला चार मिलिमीटर. अक्षराच्या कडा वरच्या बाजूला जराशा निमुळत्या ठेवा, नाहीतर पॅटर्न वाळूतनं सुटत नाही आणि साचा ढासळतो.

विकण्याचं म्हणाल तर नको. स्वतःच्या अंगणात काहीही लिहा, पण धंद्यात दुसऱ्याचं नाव वापरलं की ट्रेडमार्कचा कायदा आडवा येतो.

प्रश्न (खानापूर) : म्हशीच्या पाण्याच्या लोखंडी टाकीला जुना रंग आहे, त्यावरच लिहू का? आणि पाठीवरच्या औषधाच्या पंपावर?

उत्तर : दोन्हीला नाही. म्हैस चाटते, आणि जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं, शिशानं जनावर मरतं. घरगुती रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 90, आली ती 2017 च्या नोव्हेंबरपासून, त्याआधीचा डबा माळ्यावर असेल तर तोही काढू नका. पंपावरच्या सूचना झाकल्या जातील असं काही करू नका.

प्रश्न (हुक्केरी तालुका) : आजोबांच्या वेळची हातानं फिरवायची कडबाकुट्टी परड्यात पडलीय. बिडाचं मोठं चाक आहे. त्यावर सोनेरी रंगात कॅडिलॅक लिहायचा विचार करूलालोय. कसं काढू?

उत्तर : थांबा पावणं! डबा उघडू नका.

कडबाकुट्टीवर पन्नास वर्षांत रंगाचे किती हात बसलेत ते आधी बघा. बिडाच्या जुन्या यंत्रांवर नाव ओतीव असायचं, उठावाचं, आणि रंगावर रंग चढून ते बुजतं. हाताला लागतं पण डोळ्याला दिसत नाही. चाकावरनं आणि पायांवरनं डोळे मिटून बोट फिरवा. कुठं खडबडीत ओळ लागली तर आधी पाती सोडून बाजूला ठेवा, त्यांची धार गंजली तरी बोट जातंय. मग पेंट रिमूव्हर लावून तारेच्या ब्रशनं घासा. ग्राइंडर लावू नका, अक्षराची कड एकदा गेली की परत येत नाही.

का एवढं सांगतोय, तर लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. 1888 ला बेळगावात सायकलचं दुकान टाकलं, मग कडबाकुट्टी, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमिनीला विष चढतं म्हणून शेतकरी नांगर घेईनात, पहिला विकायला दोन वर्षं गेली म्हणतात. 1910 ला ते औंध संस्थानात गेले आणि किर्लोस्करवाडी वसली. तुमच्या चाकाखाली तेच नाव निघेल असं नाही, कुठल्या लहान फाउंड्रीचंही निघेल, पण जे निघेल ते कॅडिलॅकपेक्षा तुमच्या परड्यात जुनं आहे.

निघालं की रेड ऑक्साइड, वर हिरव्याचे दोन हात, पूर्ण वाळू द्या. मग लहान फोमचा रोलर घ्या, पिवळ्या रंगात बुडवून रद्दीवर इतका पुसा की कोरडाच वाटला पाहिजे, आणि अक्षरांच्या माथ्यावरनं न दाबता सरकवा. रंग फक्त उठावाला लागतो, ब्रशची गरज नाही, हात थरथरत असला तरी चालतो. एका दमात सगळं नाव उजेडात येतं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा शेजारच्या अण्णांना हाक मारून बोलावलं होतं.

काहीच निघालं नाही तर कॅडिलॅक लिहा, माझी ना नाही. पण बोट फिरवून काय लागलं ते आधी कळवा.