स्वॅब द्यायला जाताना आतून धुऊन जाऊ नका

दोन आठवड्यांपासून अंगावरून पांढरं जातंय, खाजही आहे. डॉक्टरांनी योनिमार्गाचा स्वॅब द्यायला सांगितलाय. उपाशीपोटी जायचं का? स्वच्छ धुऊन गेलेलं बरं ना?

खाऊन-पिऊन जा, उपाशी राहण्याचा इथे काही संबंध नाही. आणि आतून अजिबात धुऊ नका. नेमकी इथेच सगळ्यात जास्त चूक होते. वास येईल, डॉक्टर काय म्हणतील, या संकोचापायी बायका आतून पाणी मारून, कधी वॉश लावून जातात, आणि जे तपासायचं तेच वाहून जातं. नेहमीची अंघोळ करा, बाहेरून साधं पाणी वापरा, तेवढं पुरे.

आधीचे निदान 24 तास, जमल्यास 48 तास संबंध, टॅम्पॉन, क्रीम, योनीत ठेवायच्या गोळ्या आणि जेल टाळा. कारण साधं आहे. प्रजननवयात निरोगी योनिमार्ग आम्लधर्मी असतो, पीएच साधारण 3.8 ते 4.5. वीर्य आणि रक्त दोन्हींचा पीएच 7 च्या वर. आदल्या रात्री संबंध आले असतील किंवा पाळी चालू असेल, तर पीएचची पट्टी 4.5 च्या वर जाते आणि नसलेल्या जिवाणूसंसर्गाचा संशय येतो. क्रीमचं उलटं: बुरशीचं औषध दोनच दिवस वापरलं असलं तरी कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघण्याच्या तपासणीत, बुरशी न उगवण्याची शक्यता असते. रिपोर्ट ‘निगेटिव्ह’, खाज मात्र तशीच.

पाळी आली तर ती संपेपर्यंत थांबा. पण ताप, ओटीपोटात दुखणं किंवा गरोदरपण असेल तर तारखांचा हिशेब बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.

आता, ‘स्वॅब घरीच घेऊन पर्समधून आणून दिला तर?’ हा पुढचा प्रश्न हमखास येतो. पीसीआरसाठी, म्हणजे जंतू त्याच्या जनुकीय अंशावरून ओळखणाऱ्या तपासणीसाठी, चालतं, नळीतलं द्रावण तो नमुना टिकवून धरतं. ओल्या काचपट्टीच्या तपासणीसाठी मात्र चालत नाही. त्यात स्राव सलाइनच्या थेंबात मिसळून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. ट्रायकोमोनास हा परजीवी ओळखायचा तो त्याच्या झटके देत पोहण्यावरून. नमुना गार झाला की त्याची हालचाल मंदावते, थांबते, आणि मग तो पांढऱ्या पेशींच्या गर्दीत ओळखू येत नाही. म्हणून काचपट्टी दहा-पंधरा मिनिटांत बघायला हवी आणि नमुना फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नये. एवढं सांभाळूनही या तपासणीतून बरेच रुग्ण निसटतात. संशय दाट असेल तर पीसीआरच करावं.

त्याच स्रावात 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे मोकळे दिसतात. थेंब पडताच मासळीसारखा वास आला तर तो बॅक्टेरियल व्हजायनोसिसकडे, म्हणजे योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडण्याकडे, बोट दाखवतो. त्यात ‘क्लू सेल’ही दिसतात: पेशीवर बारीक रवा भुरभुरावा तसे जिवाणू चिकटलेले असतात आणि पेशीची कडाच हरवते.

फॉर्मवर शेवटच्या पाळीची तारीख, गरोदर असाल तर ते, आणि गेल्या दोन आठवड्यांतली औषधं लिहा. मेडिकलमधून आपणहून आणलेली गोळीसुद्धा.

कल्चरमध्ये ‘ई. कोलाय’ आलाय. त्रास फारसा नाही. अँटिबायोटिकचा कोर्स करायचा का?

नुसत्या त्या नावासाठी नको. ई. कोलाय काहीही त्रास नसलेल्या बायकांच्या योनिमार्गातही सापडतो. गुदद्वार जवळ आहे, आणखी काय! साधारण 10 ते 20 टक्के निरोगी बायकांमध्ये कॅन्डिडा बुरशीही असते. सरसकट कल्चर करून जे उगवलं त्याला औषध देण्याची पद्धत आम्हाला पटत नाही. चांगले लॅक्टोबॅसिलस जिवाणू मरतात आणि पाठोपाठ बुरशी वाढते. बॅक्टेरियल व्हजायनोसिसचं निदानही कल्चरवर करत नाहीत. ग्रॅम स्टेन करून, म्हणजे काचपट्टीवरचे जिवाणू रंगवून, कुठले जिवाणू किती यावरून न्युजेंट स्कोअर नावाचे गुण काढतात: 0 ते 3 ठीक, 4 ते 6 अधलंमधलं, 7 ते 10 म्हणजे व्हजायनोसिस. कल्चरचा खरा उपयोग बुरशी पुन्हा पुन्हा होते तेव्हा. कॅन्डिडा ग्लाब्राटा ही जात निघाली तर फ्लुकोनॅझोल या बुरशीच्या औषधाला ती सहसा नीट दाद देत नाही, औषध बदलावं लागतं. गरोदर असाल तर मात्र कुठलाही रिपोर्ट घरच्या घरी निकालात काढू नका, डॉक्टरांना दाखवा.

लघवीच्या तपासणीत हे कळत नाही का?

क्लॅमिडिया, गोनोरिया आणि ट्रायकोमोनास हे संबंधांतून पसरणारे संसर्ग पीसीआरने कळू शकतात, पण लघवी सुरुवातीची हवी. आधी निदान एक तास लघवी केलेली नसावी, जागा पुसू नये, आणि पहिली धार धरून 20 ते 30 मिलि घ्यावी. लघवीच्या कल्चरला नेमकं उलटं: जागा धुऊन, पहिली धार सोडून मधली. दोन्ही तपासण्या असतील तर दोन डब्या मागा. बायकांमध्ये योनिमार्गाचा स्वॅब लघवीपेक्षा सरस ठरतो.

माझे कधीच संबंध आलेले नाहीत. आत उपकरण घालतील का?

आधी तसं स्पष्ट सांगा. स्पेक्युलम (योनिमार्ग उघडून धरायचं उपकरण) न घालता योनिमुखाशी बारीक स्वॅब फिरवून नमुना घेता येतो. एरवी पीसीआरचा स्वॅब स्वतः घेताना तो साधारण 5 सेंटिमीटर आत जातो, 10 ते 30 सेकंद फिरवायचा आणि खुणेवर मोडून नळीत टाकायचा. नळीतलं द्रावण सांडलं तर नवीन नळी घ्या, साधं पाणी भरू नका.

औषध संपलं. पुन्हा तपासणी कधी?

बुरशी किंवा व्हजायनोसिस असेल आणि त्रास गेला असेल, तर सहसा गरज नाही. ट्रायकोमोनास असेल तर तीन महिन्यांनी. जोडीदाराचे उपचार झाले नसतील तर तो परत येतो. पीसीआर उपचारानंतर लगेच करू नका, मेलेल्या जंतूंचे अवशेषही ‘पॉझिटिव्ह’ दाखवतात. निदान तीन आठवडे जाऊ द्या.